कातडीतून किती उतरतं?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या रेणापूरकडे फवारणी करण्याला 'औषध मारणं' म्हणतात. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार औषध देतो, शेतकरी ते पाण्यात कालवतो, आणि गडी पाठीवर पंप घेऊन ते मारतो. त्याच बाटलीतलं कुणाच्या पोटात गेलं, की मगच त्याला विष म्हणतात. मी औषधनिर्माणशास्त्राचा शिक्षक. गावी गेलो की हमखास कुणीतरी म्हणतं, "सर, तुमी बी औषधाचेच की! मग सांगा बरं, हे अंगावर सांडलं तर काय होतंय?"

विचारणारा थट्टेने विचारतो, पण प्रश्न खरोखरच माझ्या विषयातला आहे. कातडीवर पडलेल्या रसायनातलं किती शरीरात उतरतं आणि किती वेळात उतरतं, हे मोजणं हा आमच्या अभ्यासक्रमातला एक धडाच आहे. सांधेदुखीचं मलम करणाऱ्याला वाटतं, ते भरपूर उतरावं. फवारणी करणाऱ्याला वाटतं, थेंबभरही उतरू नये. मोजायची रीत मात्र दोघांचीही एकच. ही रीत पुष्कळ वर्षं प्राण्यांच्या जिवावर चालली. आता ती बऱ्याच अंशी काचेच्या एका लहानशा भांड्यात आली आहे. आज मी त्या भांड्याविषयी बोलणार आहे, आणि आपल्या शेतातल्या माणसाला त्याचा काय उपयोग, याविषयीही.

आधी प्राण्यांवर काय करतात ते पाहू. उंदराच्या जातीचा पांढरा प्राणी, ज्याला प्रयोगशाळेत रॅट म्हणतात, त्याच्या पाठीवरचे केस कापतात. उघड्या कातडीवर मोजून रसायन लावतात. त्याने ते चाटू नये म्हणून वर आच्छादन बसवतात. मग त्याला अशा पिंजऱ्यात ठेवतात, की त्याचं मूत्र आणि विष्ठा वेगवेगळी गोळा करता येते. शेवटी त्याला मारून रक्तात, अवयवांत, कातडीत किती रसायन सापडतं ते पाहतात. हिशेब चोख असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो हिशेब रॅटच्या कातडीचा असतो.

बाटलीच्या लेबलावरचा रंग तुम्ही पाहिला असेल. शंकरपाळ्यासारखा एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी हे रंग ठरवून दिले. त्यामागेही प्राण्यांचाच आकडा आहे. ज्या मात्रेला चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये, मोजतात. तोंडावाटे हा आकडा 1 ते 50 किंवा कातडीवाटे 1 ते 200 असेल तर लाल. तोंडावाटे 51 ते 500 किंवा कातडीवाटे 201 ते 2000 असेल तर पिवळा. त्यापुढे निळा आणि हिरवा. म्हणजे एका वेळी किती लागलं तर मरण येतं, एवढंच तो रंग सांगतो. रोजाने फवारणी करणारा गडी हंगामात कित्येक दिवस थोडं थोडं अंगावर घेतो, त्याचं उत्तर त्या रंगात नाही. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात, आणि ते विकर पूर्ववत व्हायला वेळ लागतो. कालचं पुरतं भरून निघालेलं नसतं, तोच आजचं वर पडतं. म्हणून रोज किती उतरतं, हे कळणं महत्त्वाचं.

आता कातडीकडे वळू. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. पण आपलं सगळं संरक्षण त्यातच आहे. भिंतीतल्या विटांसारख्या चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या, आणि मधल्या फटींत चरबीचा गिलावा. पाण्याला हा गिलावा दाद देत नाही. तेलात विरघळणारे लहान रेणू मात्र त्यातून वाट काढतात. बहुतेक कीटकनाशकं नेमकी तशीच असतात. किडीच्या अंगावरच्या मेणचट आवरणातून जे आत शिरतं, ते आपल्यालाही फारसं परकं मानत नाही.

हा थर मेलेला असल्यामुळेच सगळा मार्ग मोकळा झाला. त्यातून रसायन जातं ते नुसतं झिरपून. त्यासाठी हृदय चालायला लागत नाही, श्वासही लागत नाही. मग हे झिरपणं मोजायला जिवंत प्राणी तरी कशाला हवा? अमेरिकी संशोधक थॉमस फ्रांझ यांनी 1975 साली काचेच्या भांड्यात माणसाच्या कातडीतून जाणारी बारा रसायनं मोजली आणि जिवंत माणसांवर आधी झालेल्या मोजणीशी ताडून पाहिली. दोन्ही आकड्यांत चांगला मेळ दिसला. तेव्हापासून त्या भांड्याला फ्रांझ सेल म्हणतात. आमच्याकडे औषधनिर्माणशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पदव्युत्तर प्रयोगशाळेत तो असतो.

भांडं अगदी साधं आहे. काचेच्या दोन वाट्या तोंडाला तोंड लावून बसवलेल्या, आणि मधे कातडीचा तुकडा पडद्यासारखा ताणलेला. वरच्या वाटीत रसायन, खालच्या वाटीत रक्ताशी मिळतंजुळतं खारं पाणी. खाली एक लहानसं चुंबक गरगर फिरत पाणी ढवळत राहतं. भोवतीच्या काचेच्या कप्प्यातून कोमट पाणी फिरतं, म्हणजे कातडीचं तापमान 32 अंशांवर राहतं. बाजूच्या नळीतून दर काही तासांनी थोडं पाणी काढायचं आणि त्यात किती रसायन आलं ते यंत्रावर तपासायचं. शेवटी कातडी धुऊन, वरचा थर चिकटपट्टीने पापुद्र्या-पापुद्र्याने सोलून, कुठे किती अडकून राहिलं याचाही हिशेब लावायचा. कातडीखाली एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. लोडशेडिंगच्या काळात तर रात्री तीनला वीज गेली, की चुंबक थांबायचं, पाणी गार व्हायचं आणि चोवीस तासांचा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून. विद्यार्थी म्हणायचे, "सर, यापेक्षा उंदीर बरा, त्याला वीज लागत नाही."

कातडी आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. शिकाऊ मुलांना अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा किंवा कृत्रिम पडदा देतात. काही संशोधकांनी तर सापाची कात वापरून पाहिली. आपल्याकडे कात दिसली की माणूस दोन पावलं मागे सरतो, पण या कामाला ती नामी आहे. एकच साप पुन्हा पुन्हा कात देतो, त्याच्या जिवाला धक्का लागत नाही, आणि तिच्यात कातडीच्या वरच्या थरासारखीच प्रथिनं आणि चरबी असते. उणीव एवढीच, की कातेला केसांची छिद्रं नसतात. माणसाच्या सगळ्यात जवळची कातडी डुकराच्या कानाची. ती कत्तलखान्यातून मिळते, तिच्यासाठी वेगळा जीव घ्यावा लागत नाही. आणि सर्वांत उत्तम अर्थातच माणसाची. पोटावरची जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया होते, तिच्यातून उरलेली कातडी रुग्णाच्या संमतीने प्रयोगाला घेतात. त्वचापेढीत दान आलेली कातडी मात्र भाजलेल्या रुग्णांसाठी असते. प्रयोगासाठी तिच्याकडे हात पसरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कृत्रिम कातडीचं नाव अलीकडे बरंच ऐकू येतं. रसायनाने कातडी भाजते का, तिची आग होते का, हे पाहायला ती उत्तम. झिरपण्याच्या मोजणीला ती अजून कच्ची आहे, कारण तिचा गिलावा आपल्याइतका घट्ट नसतो. रेणूचं वजन आणि त्याची तेलाकडची ओढ यांवरून नुसता हिशेब मांडण्याचं एक सूत्रही 1992 सालापासून आहे. ते पाण्यात विरघळलेल्या शुद्ध रसायनाला लागू पडतं. बाटलीवर 'ईसी' अशी अक्षरं असतात, तिथे आत द्रावक आणि पाण्यात मिसळवणारी द्रव्यंही असतात. ती गिलावाच सैल करतात, मग सूत्र बिचारं काय करणार!

काचेच्या भांड्याच्या या पद्धतीला 2004 साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ओईसीडी या संघटनेच्या चाचण्यांच्या यादीत ती 428 क्रमांकाची आहे, आणि जिवंत प्राण्यावरची 427. दोघी शेजारणी. भारतात प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. जिथे टाळता येईल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं त्यात तेव्हापासून आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी 2014 साली आपल्याकडे पूर्ण बंद झाली. त्याच वर्षी बाहेरून येणाऱ्या तशा मालालाही बंदी झाली. नवीन औषधांच्या नियमांत 2023 साली पेशींवरच्या आणि इतर प्राणीविरहित चाचण्यांना जागा मिळाली. ओठांच्या लालीला जे आधी मिळालं ते फवाऱ्याच्या पंपापर्यंत यायला वेळ लागतो आहे, एवढं नोंदवून पुढे जातो.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. रॅटची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि केसाळ. बहुतेक रसायनं तिच्यातून माणसाच्या कातडीच्या कितीतरी पट जास्त उतरतात. म्हणून तज्ज्ञांनी एक त्रैराशिक काढलं. समजा, जिवंत रॅटमध्ये 40 टक्के उतरलं, काचेत रॅटच्या कातडीतून 50 टक्के आणि काचेतच माणसाच्या कातडीतून 10 टक्के. काचेत माणूस रॅटच्या पाचव्या हिश्शाला, तर जिवंत माणसात 40 चा पाचवा हिस्सा, म्हणजे 8 टक्के. आकडे माझे, समजण्यापुरते. रीत खरी आहे.

पण बघा, 40 चे 8 झाले. फवारणाऱ्याला किती धोका, हे कागदावर ठरवताना हाच आकडा धरतात. तो लहान झाला, की तेच औषध अधिक निर्धोक ठरतं. रॅटचा आकडा चुकत होता, पण माणसाच्या बाजूने चुकत होता. नवा आकडा प्राण्याला वाचवतो आणि बरोबरही असतो, कंपनीलाही तो आवडतो. तेव्हा आपण विचारलं पाहिजे, की हे 8 टक्के कोणत्या माणसाचे? कुठल्या जागेच्या कातडीचे?

जागेचा फरक किती, ते ऐका. पॅराथिऑन या जुन्या कीटकनाशकाची जिवंत माणसांवर केलेली मोजणी 1971 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. हाताच्या पुढच्या भागावर, कोपराखाली, लावलं तर सुमारे 9 टक्के उतरलं. पोटावर 18 च्या आसपास. कपाळावर 36. काखेत 64. आणि पुरुषाच्या वृषणावरच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. एकच माणूस, एकच रसायन.

हे आकडे वापरताना मला अवघडल्यासारखं होतं, तेही सांगतो. कॅलिफोर्नियात 1960 आणि 1970 च्या दशकांत तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर कीटकनाशकं आणि तणनाशकं लावून प्रयोग झाले. त्याबद्दल सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2022 सालच्या डिसेंबरात जाहीर माफी मागितली. प्राणी नको म्हणून माणूस, आणि माणसातही ज्याला नाही म्हणता येत नाही असा, हा पर्याय होऊ शकत नाही. काचेच्या भांड्याची बाजू मी घेतो, त्यात रॅटइतकाच हा कैदीही माझ्या डोळ्यांपुढे असतो.

आणि आमच्याकडचा गडीही. त्याच्या पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप. पंपाचं झाकण सैल किंवा वायसर झिजलेला. गळणारं पाणी पाठीवरून कमरेत, कमरेतून जांघेत उतरतं. कोपराखाली 9 टक्के असलेली जागा सोडून ते सरळ शंभराच्या जागेकडे निघतं. वर भिजलेला सदरा आणि पंपाचा दाब, त्यामुळे ओल वाळत नाही. ओल्या, झाकलेल्या कातडीतून रसायन जास्त उतरतं, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो.

2017 सालच्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात जे झालं ते आपल्या लक्षात असेल. कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याला लागली होती, फवारा वर धरावा लागत होता, हे तेव्हा वारंवार सांगितलं गेलं. दमट उकाडा होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली होती. लोकांना वाटतं, ही कपाशीची गोष्ट, आपल्याकडे सोयाबीन. ते फार तर कमरेएवढं. पण सोयाबीनच्या ओळींत तूर असते ना! ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोऱ्यात येते, तेव्हा खांद्याच्या वर गेलेली असते. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी नेमकं तेव्हाच औषध मारतात. हात वर, तोंड वर, आणि फवारा कपाळावर. ते 36 टक्के मी म्हटले, ते याच जागेचे.

प्रयोगशाळेत कामाचा दिवस धरून साधारण 8 तासांनी कातडी साबणाच्या पाण्याने धुतात. आमचा गडी केव्हा धुतो? पंपामागे पैसे मिळतात, म्हणून तो दिवस मावळेपर्यंत पंप मारतो आणि त्याच कपड्यांत घरी येतो. बरं, पाणी तरी हवं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा फवारणीनंतर भरपूर पाण्याने आंघोळ करा, हा लेबलावरचा सल्ला कुणी कसा पाळावा?

हातमोज्यांचं एक सांगतो. अमेरिकेत कॅरन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. 1996 च्या ऑगस्टमध्ये डायमिथिल मर्क्युरीचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजे रबरी, दवाखान्यात असतात तसे पातळ. 1997 च्या जूनमध्ये त्या वारल्या. नंतर तपासलं तेव्हा कळलं, की ते द्रव्य तसल्या मोज्यातून काही सेकंदांत पलीकडे जातं. दोन कप्पे आणि मधे पडदा, तीच युक्ती मोज्यांनाही लावतात. तेव्हा दवाखान्यातले पातळ मोजे घालून बाटली ओतणाऱ्याला मी म्हणतो, "दादा, जाड नायट्राइलचे घे." झाकणाने माप घेताना बोटांवर सांडतं ते पाणी न घातलेलं, पूर्ण तीव्रतेचं असतं. दिवसातला सगळ्यात धोक्याचा क्षण बहुधा तोच.

आता माझी मागणी. काचेच्या भांड्याचा खरा फायदा दयेपुरता नाही. त्याला आपल्याला हवा तो प्रश्न विचारता येतो. रॅटच्या पाठीवर पंप बांधून त्याला ऑक्टोबरच्या उन्हात तुरीतून फिरवता येत नाही. काचेत मात्र तापमान 32 ऐवजी 36 करता येतं. कातडीवर घामासारखं खारं पाणी टाकता येतं, भेगाळलेली किंवा खरचटलेली कातडी लावता येते. आमच्याकडे एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वरून स्टिकर टाकतात. नोंदणीच्या चाचण्या एकेका उत्पादनाच्या होतात, हे मिश्रण शेताच्या बांधावर तयार होतं. स्टिकर औषध पानाला चिकटवतो, तर कातडीलाही चिकटवतो का? हा प्रश्न चोवीस तासांत काचेला विचारता येतो, आणि डुकराचे कान त्याला पुरतात. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, लातूर-नांदेडला औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालयं आहेत. दर वर्षी आमची मुलं त्याच त्या मलमांवर प्रबंध लिहितात. त्यातल्या दोघा-तिघांनी तुरीच्या फवारणीचं मिश्रण घ्यावं, असं मी गेली काही वर्षं सांगत आलो आहे. यंदा एका मुलीने होकार दिला आहे.

तिच्या प्रयोगाची मांडणी आम्ही ठरवली ती अशी. सहा भांड्यांत उघडी कातडी आणि सहांत कातडीवर भिजलेलं कापड. धुणं एकदा 8 तासांनी आणि एकदा 1 तासाने, म्हणजे लवकर धुतल्याने नेमकं किती वाचतं ते आकड्यात कळेल. वीज जाईल म्हणून बॅटरी. कापडाचा विषय निघाला तेव्हा तिने दुकानातून नवा सुती तागा आणायचं म्हटलं. मी म्हटलं, नको. गावाकडून एखाद्याचा फवारणीचा सदरा माग, धुऊन धुऊन विरलेला, आणि पाठीचा भाग काप.